दोन-तीन आठवडे नव्हे, महिने
"इंजेक्शन बंद केलं की दोन-तीन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होतं" हे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनांवरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. तेवढ्यात उतरतो तो बाहेरून घेतलेल्या औषधाचा अंमल. शरीराचं स्वतःचं उत्पादन रुळावर यायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं जवळजवळ थांबवते. मग वृषणं मंदावतात, आकारानं लहान होतात, शुक्राणू कधी कधी शून्यावर येतात.

माझा धाकटा भाऊ इथं कोल्हापुरात जिमच्या नादानं वर्षभर २५० मिलीग्रॅमची इंजेक्शनं घेत होता, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. तेव्हा रिपोर्टात आकडा वरच्या मर्यादेच्याही पुढं, म्हणून खूश. (तो रिपोर्टही इंजेक्शननंतर दुसऱ्याच दिवशीचा, पातळी टोकाला असतानाचा.) बंद केल्यावर दोन महिन्यांनी सकाळी आठला उपाशीपोटी तपासलं, तर टेस्टोस्टेरॉन ९० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, साधारण ३०० च्या वर हवं. पहाटे पाचला उठून रंकाळ्यावर पळायला जाणारा पोरगा दहा वाजले तरी अंथरुणात, तोंड भिंतीकडं. लग्न ठरलेलं, आईला काय सांगायचं कळेना. ३०० पार व्हायला चौदा महिने गेले. ज्यांचं शरीर मुळातच हे हार्मोन पुरेसं बनवत नाही त्यांना डॉक्टर इंजेक्शनं देतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला पुढं मूल हवंय त्यानं ती घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं, एवढं तरी लेखात ठळक यायला हवं होतं.