छातीत कळ नाही म्हणून हृदय ठणठणीत आहे, असे नव्हे

कोल्हापुरात अनेकांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा: छातीत दुखत नसेल तर हृदयाची काळजी नको, साठीनंतर दम लागणे आणि पाय सुजणे वयानुसारच असते, भरपूर पाणी प्यावे आणि ईसीजी चांगला आला की निर्धास्त राहावे.

पहिलेच विधान चुकीचे आहे. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही. ते दुर्बल किंवा ताठर झाल्याने रक्त पुढे ढकलण्यात कमी पडते आणि फुफ्फुसांत, पायांत, पोटात पाणी साचते. हे बहुतेकदा कळ न येताच घडते.

वयाचा मुद्दा अधिक घातक आहे, कारण तो घरच्यांनाही पटतो. गेल्या दिवाळीपर्यंत रंकाळ्याभोवती पूर्ण फेरी मारणारा माणूस आता अर्ध्यावरच कठड्याला टेकत असेल, आडवे होताच दम कोंडतो म्हणून उशीवर उशी घेत असेल किंवा मध्यरात्री गुदमरून उठून बसत असेल, तर ते वय नव्हे. संध्याकाळी नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरावा. खळगा तसाच राहिला, तर सूज पाण्याची समजावी. अशी सूज मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही येते, म्हणून निदान घरी करू नये.

भरपूर पाण्याचा सल्ला हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला बाधू शकतो. त्याने किती प्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे. लोणचे, पापड आणि रश्श्याच्या वाट्यांमागून वाट्या यांतून जाणारे मीठ पाणी धरून ठेवते. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही तेच करतात. संदेशात त्यांचा उल्लेखच नाही, हा मला त्याचा सर्वांत गंभीर दोष वाटतो.

ईसीजी निर्दोष असल्यास हार्ट फेल्युअरची शक्यता कमी होते, संपत नाही; हृदयाची ताकद टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसते आणि बीएनपी ही रक्तचाचणी निदानाला मदत करते.

वरील लक्षणे नव्याने दिसल्यास, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा पूर्वीचा झटका असल्यास, सीपीआर रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावे. निदान झालेल्यांनी रोज सकाळी वजन करावे आणि तीन दिवसांत दोन किलोंनी वाढल्यास लगेच कळवावे. बसल्या जागी दम लागणे, गुलाबी फेसाळ थुंकी, ओठ निळसर पडणे, शुद्ध हरपणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला आडवे न करता टेकवून बसवावे. शुद्ध हरपली असेल आणि श्वास चालू असेल, तर मात्र कुशीवर वळवावे.