पाणी कुठून आलं, असं विचारू नका

नागपुरात तळमजल्यावर घर घ्यायचं ठरवलंय, आणि तेही नाग नदीच्या हाकेच्या अंतरावर? अभिनंदन. दलालाने सांगितलंच असेल की इथून अंबाझरी तलाव पायी दहा मिनिटांवर आहे, सकाळी फिरायला उत्तम. खोटं काही नाही त्यात. हे अंतर दोन्ही बाजूंनी मोजतात, एवढंच सांगायचं राहून गेलं असेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव आमच्याकडे फिरायला आला, तेव्हा त्यालाही फार वेळ लागला नाही.

मी त्याच भागात राहतो. त्यामुळे या विषयात मला थोडा अधिकार आहे असं मी समजतो, आणि नव्या रहिवाशांना फुकट सल्ला द्यायला तेवढा पुरे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी कुठून आलं, असं कधीही कुणालाही विचारायचं नाही. पाणी आभाळातून येतं. त्या रात्री चार तासांत १०६ मिलिमीटर पाऊस झाला, हे सरकारने दिवस उजाडल्यावर लगेच सांगितलं होतं. हा आकडा पाठ करून ठेवा. त्याचं मोठेपण असं की त्यासाठी कुणालाही राजीनामा द्यावा लागत नाही. आभाळाला कारणे दाखवा नोटीस निघत नाही, त्याची विभागीय चौकशी लागत नाही आणि त्याची गडचिरोलीला बदलीही करता येत नाही.

तरीही कॉलनीत एखादे निवृत्त इंजिनिअर काकाजी असतातच. ते तुम्हाला गाठून बिनी साहेबाची गोष्ट सांगतील. अलेक्झांडर बिनी हा इंग्रज इंजिनिअर. अंबाझरीचं पाणी नळाने शहरात आणण्याचं काम त्याने केलं. ते करताना त्याने एक उपद्व्याप करून ठेवला. १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळच्या साधारण १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात किती पाऊस पडतो आणि त्यातला किती वाहून खाली येतो, याचा हिशेब त्याने मांडला. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस असेल तर शंभरातले पंधरा भाग वाहतात, १००० मिलिमीटर असेल तर अडतीस. म्हणजे पाऊस दुप्पट झाला की वाहतं पाणी पाचपट होतं. जमीन एकदा भिजली की पुढचं सगळं घ्यायला ती नकार देते, एवढी साधी बाब. या टक्केवाऱ्या आजही भारतातल्या अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत बिनीच्या नावाने आहेत आणि विदर्भातल्या तलावांचा अंदाज बांधायला वापरल्या जातात. बिनी पुढे लंडनला गेला आणि तिथला मुख्य अभियंता झाला. वही इथेच राहिली.

काकाजींचं म्हणणं असं की नागपुरावर पडलेलं पाणी किती आणि कसं खाली येतं, हे जगाला नागपूरनेच शिकवलं आणि त्याला दीडशे वर्षं झाली. अशा वेळी तुम्ही म्हणायचं, "काकाजी, तेव्हा एवढं सिमेंट कुठं होतं?" आणि म्हणून झाल्यावर जीभ चावायची. कारण माती निदान सुरुवातीला तरी पाणी पिते, सिमेंट थेंबभरही पीत नाही. आणि सिमेंटचे रस्ते ही तर आपली शान. जुना रस्ता न खोदता त्यावर नवा ओततात, म्हणून रस्ता वर जातो आणि घर जागच्या जागी खाली जातं. आमच्या फाटकाला पूर्वी बाहेरून दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. आता एक उतरावी लागते. घराचा जोता आम्ही हलवलेला नाही, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगेन.

उंचीचा विषय निघालाच आहे तर झिरो माइलला जाऊन या. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा तो दगड. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. दशांशाच्या पुढचे तीनही आकडे नीट वाचा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी जाडी. ज्या शहराच्या मधोमध पत्रिकेच्या जाडीपर्यंत उंची मोजलेला दगड उभा आहे, त्या शहरात रस्ता वीतभर उचलताना पाणी कुणाच्या घरात जाईल हे कुणाला सांगता येत नाही. दगडाजवळ सेल्फी काढायला मात्र जागा चांगली आहे. चार घोडेही आहेत.

आता दुसरा सल्ला, आणि हा जरा बारकाईने समजून घ्या. पाणी कुठून आलं हे विचारायचं नसलं तरी पाणी कुणाचं, हे विचारायला हरकत नाही. उत्तर मिळणार नाही, पण शहर फिरून होईल. तलाव एकाचा, बांधाच्या सुरक्षिततेचं शास्त्र दुसऱ्याकडे, खालचा ले-आउट, म्हणजे वसाहत, मंजूर करणारा तिसरा, नदीवरचा पूल चौथ्याचा, नदीच्या काठाने खांब रोवणारा पाचवा. तलावातलं जादा पाणी सांडव्यावरून खाली पडतं त्याच क्षणी त्याचं खातं बदलतं. नालीत शिरलं की पुन्हा बदलतं. तुमच्या हॉलमध्ये शिरलं की ते तुमचं. तेवढा एकच टप्पा असा आहे, जिथे मालकीबद्दल कुणाचाही वाद नसतो.

पूररेषा नावाचीही एक गोष्ट असते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कागदावर दोन्ही फार सुंदर दिसतात. मात्र रेषा बघून घर घ्यावं म्हणाल, तर मंजूर नकाशा, बँकेचं कर्ज आणि मालमत्ता कराची पावती हे तिन्ही हातात आल्यानंतर एखादा माणूस टीव्हीवर येऊन सांगतो की लोकांनी नदीच्या पात्रातच घरं बांधली. त्या क्षणी चेहऱ्यावर अपराधी भाव आणायला शिका. आरशासमोर सराव केला तर जमतं.

अंबाझरी ओव्हरफ्लो झाला की सहकुटुंब बघायला जायचं आणि भाजलेलं कणीस खायचं, ही नागपूरची जुनी रीत आहे. त्याच ओव्हरफ्लोच्या समोर काही वर्षांपूर्वी स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभं राहिलं. स्वामीजींचा यात काहीही दोष नाही, जागा त्यांनी निवडलेली नाही. त्यांनी देशाला जागं व्हायला सांगितलं होतं आणि त्या पहाटे तीन वाजता अख्खा ले-आउट जागा झाला होता, एवढं श्रेय त्यांना द्यावंच लागेल. स्मारकामुळे पाणी अडतं, ही रहिवाशांची तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. तुम्ही त्यात पडू नका. सांडवा म्हणजे बांधकामासाठी मोकळी असलेली जागा, ही व्याख्या आता रुळली आहे. तलावात पाणी असतं आणि पाण्याला बाहेर पडायला वाट लागते, असल्या जुन्या समजुती आता सोडून द्यायला हव्यात.

जुन्यावरून वारसा आठवला. तुम्हाला शासनाने जपावं असं वाटत असेल तर जुने होऊ नका. शहराची हेरिटेज यादी २००३ सालची आहे आणि तीत दीडशेच्या वर नावं आहेत. यादीत नाव येणं म्हणजे आयसीयूच्या दारावर पाटी लागण्यासारखं. नातेवाईक निर्धास्त होतात आणि आत कुणी जात नाही. कस्तुरचंद पार्क पहिल्या श्रेणीत आहे. त्या मैदानावर शहराने सभा, प्रदर्शनं, मेळे, सगळं भरवलं. मग एकदा काम सुरू असताना तिथल्या मातीतून जुन्या तोफा निघाल्या. एवढी वर्षं त्यांच्या डोक्यावर उभं राहून इतिहासाच्या गौरवाची भाषणं झाली, आणि तोफांनी एकदाही व्यत्यय आणला नाही. याला म्हणतात संयम.

महाल भागातला गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, गोंड राजांच्या काळातला. बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये शहर वसवलं, त्याच्या मुलाने, चाँद सुलतानने, तट बांधला, दरवाजे बांधले आणि जुम्मा तलावही बांधला. म्हणजे शहराला वेस हवी आणि पावसाचं पाणी थांबायला जागा हवी, हे त्या माणसाला एकाच वेळी सुचलं होतं. वेस आणि तलाव हे एकाच कामाचे दोन भाग होते. आपण तलावाला हेरिटेज म्हणतो आणि पुराला आपत्ती, दोघांच्या फायली वेगळ्या कपाटात ठेवतो, आणि दोन्ही कपाटं तळमजल्यावर असतात.

कुणी म्हणेल की राज्यघटनेत काही तरी असेलच की. आहे ना. अनुच्छेद ५१ क. तलाव, नद्या आणि वारसा जपणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. हे वाक्य तुम्हाला उद्यानांच्या फाटकावर, शाळेच्या भिंतीवर, कचरागाडीच्या भोंग्यातही सापडेल. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं जपणं हे राज्याचं दायित्व आहे, असं सांगणारा अनुच्छेद ४९ ही त्याच घटनेत आहे. तो मात्र अजून कुठल्या भिंतीवर मला रंगवलेला दिसलेला नाही. भिंती कमी पडल्या असतील.

आणि लोकप्रतिनिधींना पाण्याचं दुःख कळत नाही, असा आरोप तर मुळीच करू नका. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन हौसेने नागपुरात घेतलं होतं. ६ जुलैला पाऊस कोसळला, विधान भवनाच्या आवारात पाणी शिरलं, विजेची खोली पाण्यात गेली आणि सभागृहात अंधार झाला. दिवसभराचं कामकाज तहकूब. तुंबलेल्या नालीतून दारूच्या रिकाम्या बाटल्या निघाल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी होत्या. ज्यांच्याकडे पुराचा जाब मागायचा ते सगळे एकाच छताखाली, एकाच वेळी, अंधारात आणि ओल्या बुटांत बसलेले, असा योग पुन्हा येणे नाही. मला वाटलं होतं, आता तरी. पण त्यांनी तोडगा काढला तो व्यवहारी होता. अधिवेशन पुन्हा हिवाळ्यात घ्यायला लागले. तुम्हालाही हेच सुचवतो. पावसाळ्यात नागपुरात राहू नका.

राहावंच लागलं तर पंचनाम्याची तयारी ठेवा. २०२३ च्या २२ सप्टेंबरला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंगती उठायला रात्र झाली होती. उरलेलं झाकून आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी विसर्जन. त्यासाठी कुठे जावं लागलं नाही. पहाटे आईला घेऊन गच्चीवर चढलो तेव्हा जिन्याच्या चौथ्या पायरीवरून खाली पाहिलं, मुखवटे हॉलभर फिरत होते आणि पुरणाचं पातेलं त्यांच्या मागे. सकाळी बोटी आल्या, आपत्ती दलाचे जवान आले, लष्कर आलं. मोर भवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या रात्री शहरात माणसं गेली. त्याबद्दल माझ्याकडे सल्ला नाही.

चार दिवसांनी एक कर्मचारी पंचनाम्याला आला. तोवर आम्ही चिखल काढून घर धुतलं होतं, आणि ही आमची सर्वात मोठी चूक.

"पाणी तर दिसत नाई जी," तो म्हणाला.

"ओसरलं."

"मंग पाणी असतानाचा फोटो द्या."

"पाणी असताना आम्ही गच्चीवर होतो. मोबाइल खाली होता."

"मोबाइल वर घेऊन जाचा होता ना, भाऊ."

बोलला ते बरोबरच होतं. घरटी दहा हजार, दुकानाला पन्नास हजारांपर्यंत, टपरीला दहा हजार अशी मदत जाहीर झाली होती. फ्रिज, सोफा, स्कूटर, आईचं शिलाई मशीन आणि वडिलांच्या पुस्तकांचं कपाट मिळून दहा हजारांत बसवायचं, तर पुढच्या वेळी आधीच कमी वस्तू घ्यायला हव्यात. म्हणून सांगतो, घर धुऊ नका. फ्रिज आडवा पडला असेल तर आडवाच राहू द्या. चिखलात चप्पल रुतली असेल तर तीही हलवू नका. आणि आधार कार्ड फ्रिजच्या वर ठेवा. आमचा फ्रिज तरंगला, पण उलटायच्या आधी बराच वेळ त्याने कार्ड कोरडं ठेवलं.

एक पुरावा मात्र धुतला गेला नव्हता. हॉलच्या भिंतीवर पाण्याची रेषा उमटली होती, तपकिरी, अगदी पट्टीने ओढल्यासारखी. आईने तिच्याखाली पेन्सिलने तारीख लिहून ठेवली. त्याच भिंतीवर माझ्या मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाची एक. सहावा वाढदिवस रेषेखाली, सातवाही, आठवा रेषेच्या जरा वर.

यंदा घराला रंग काढला. आईने रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला सांगितली.

"हे काय हाये, आजी?"

"हे आमचं झिरो माइल."

तो हसला नाही. ब्रश डब्यावर आडवा ठेवून त्याने बोटाने रेषा तपासली आणि म्हणाला, या लायनीत आणखी तीन घरी असंच सोडलं. पण सगळीकडे रेषा सारखी नाही. रस्त्याच्या अलीकडे छातीएवढी आहे, पलीकडे घोट्याएवढी.

"असं कसं?" मी विचारलं.

"रस्ता मधात आला ना जी," असं म्हणून त्याने पुन्हा ब्रश उचलला.