‘ॲक्रूड’ व्याज म्हणजे न मिळालेले व्याज नव्हे

मुदत ठेवीच्या व्याजपत्रकातले ‘ॲक्रूड इंटरेस्ट’ म्हणजे अजून आपले न झालेले व्याज, त्यावर कर नाही, बँकेने कापलेला टीडीएस (व्याज देण्याआधीच कापून सरकारकडे भरलेला कर) बेकायदा आहे आणि १५एच अर्ज (टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी बँकेला द्यायचे निवेदन) भरून तो थांबवावा, असा संदेश ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. तो वाचून चांगले निवृत्तिवेतन घेणारी माझी मावशी अर्जावर सही करायला निघाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शब्दाचा अर्थच मुळात चुकीचा सांगितला आहे. ‘ॲक्रू’ होणे म्हणजे हळूहळू साठत हक्काचे होणे. मराठीत आपण ‘व्याज चढले’ म्हणतो तेच. ते हातात पडणे ही पुढची, वेगळी गोष्ट. पाच लाखांची ठेव सात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने ठेवली, तर पहिल्या वर्षी सुमारे ३५,९३० रुपये व्याज चढते आणि दुसऱ्या वर्षाची आकारणी ५,३५,९३० रुपयांपासून सुरू होते. ती वाढ ठेवीदाराची झालीच नसती, तर बँकेने तिच्यावर त्याला व्याज कशासाठी दिले असते? सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ मध्ये दुसऱ्या कंपन्यांचा कारभार कमिशनवर पाहणाऱ्या ई. डी. ससून कंपनीच्या खटल्यात हेच सांगितले आहे की पैसे मिळाले नसले, तरी ते मिळण्याचा हक्क निर्माण झाला की उत्पन्न ‘ॲक्रू’ होते. निकाल ससूनच्या बाजूने लागला तोही याच कसोटीवर, कारण वर्षाचा हिशेब पूर्ण होण्याआधी कमिशनचा हक्कच उत्पन्न झाला नव्हता.

टीडीएस बेकायदा असल्याचा दावा तर टिकतच नाही. व्याज खात्यात जमा दाखवणे किंवा प्रत्यक्ष देणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कपात करायची, असे आयकर कायदाच सांगतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. सातत्याने रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याला व्याज प्रत्यक्ष मिळाल्याच्या वर्षी दाखवता येते. पण त्यामुळे कर टळत नाही. वरच्या ठेवीचे पाच वर्षांचे सुमारे २ लाख ७ हजार रुपये एकाच वर्षाच्या उत्पन्नात येतात आणि कराचा वरचा टप्पा लागू शकतो.

सर्वांत घातक आहे तो १५एच भरण्याचा सल्ला. त्यावर सही करणारा आपल्या एकूण उत्पन्नावरील कर शून्य असल्याचे लिहून देतो, आणि खोटे निवेदन हा दंडनीय गुन्हा आहे. करपात्र निवृत्तिवेतन असणाऱ्यांनी ही सही करू नये. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या २६एएस या करपत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो.