भाषणांपेक्षा भांडी घासतानाच्या गप्पा

शिबिरात मान्यवरांच्या भाषणांतून विद्यार्थी कार्यकर्ते घडतात, हे विद्यार्थी शिबिरांवरच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. सोलापुरात कॉलेजला असताना मीही अशा निवासी शिबिराला गेले होते. व्याख्यानांतलं फारसं काही आठवत नाही (एक वक्ते वेळेची चिठ्ठी खिशात घालून बोलतच राहिले, तेवढं पक्कं लक्षात आहे!). पण रात्री खरकटी ताटं घासताना अक्कलकोटकडची एक मुलगी म्हणाली, गावची शेवटची एसटी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळावं लागतं. शेजारी विडी कामगाराची मुलगी, घरात तेलुगू बोलणारी. वर्गात मराठी बोलताना हसतील म्हणून गप्प बसायची. तोवर प्रत्येकीला वाटायचं, हे आपलंच रडगाणं. एसटीच्या वेळेसाठी सह्यांचा अर्ज करायचं तिथंच, मोरीपाशी ठरलं.

लेखात आणखी एक राहून गेलं. १२ जानेवारीला सगळीकडे युवा दिन होतो. १९३१ साली त्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. बाहेरचे पाहुणे बोलावण्याआधी एक सत्र सोलापुरातल्या त्यांच्या चार हुतात्मा पुतळ्यांपाशी घ्या की! त्याला मानधनही लागत नाही.