नीट हुकली म्हणून नर्स?

आमच्या घरात दोन महिने झाले एकच विषय चाललाय. दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, नीटला मार्क कमी पडले. लातूरमध्ये यावर एकच औषध, रिपीट कर. क्लासची फी भर, कॉट बेसिसवर रूम बघ आणि अजून एक वर्ष घासत बस. पण पोरीने सरळ सांगून टाकलं की मी रिपीट करणार नाही, बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलीये, तिकडेच जाणार. त्यावर दादाचं म्हणणं, लोकांचे बेडपॅन उचलायला मी पोरगी शिकवली नाही. काका म्हणाले अरे जाऊ दे की, चार वर्षांनी आत्यासारखी जर्मनीला जाईल, युरो कमवेल. मला दोघांचंही पटत नाही. फोनवर बोलायला गेले की दादा विषय बदलतो, म्हणून लिहितेय.

मी स्वतः लातूरला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, एका खाजगी हॉस्पिटलमध्ये पाच वर्षं काढली, शेवटचा पगार नऊ हजार होता. २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांचं हॉस्पिटल असलं तरी नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नको. आमच्यापर्यंत ते आलंच नाही. २०१८ ला मी इकडे जर्मनीत श्टुटगार्टजवळ आले, बी-टू लेव्हलपर्यंत जर्मन शिकले, आपलं शिक्षण इथे मान्य करून घ्यायला परत परीक्षा दिली आणि तेव्हापासून एका वृद्धाश्रमात नर्स आहे.

दादाला ज्याची किळस येते त्याबद्दल आधी बोलते, कारण आपल्या नर्सनासुद्धा इथे आल्यावर पहिला धक्का त्याचाच बसतो. आपल्याकडे सिस्टर म्हणजे इंजेक्शन, सलाईन, चार्ट आणि डॉक्टरांचा राउंड. अंग पुसणं, डायपर, कुशीवर वळवणं हे मावशींचं नाहीतर नातेवाइकांचं काम. इथे ते नर्सचंच, आणि मला पण पहिले दोन महिने रडू यायचं की यासाठी शिकले का. आता माझी सकाळ अशी असते. सहाला हँडओव्हर, मग एक एक्याण्णव वर्षांचे आजोबा आहेत त्यांच्या खोलीत, पाणी कोमट करून आधी तोंड, मग पाठ, मग त्यांना कुशीवर घेते आणि टाच आणि माकडहाड बघते. लाल दिसलं की बोटाने दाबायचं आणि सोडायचं. जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, म्हणजे आज त्यांना किती तासांनी वळवायचं, गादी बदलायची का, जेवणात प्रोटीन वाढवायचं का हे सगळं बदलणार, आणि ते मी ठरवते. डॉक्टर नाही. २०२० पासून इथे नर्सिंगचा नवीन कायदा आहे, त्यात लिहून ठेवलंय की माणसाला कुठल्या काळजीची गरज आहे हे ओळखणं आणि त्याची आखणी करणं हे काम फक्त शिकलेल्या नर्सचं, मालकाला ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून डॉक्टर नाही होता आलं तर नर्स, हे वाक्य मला चुकीचं वाटतं. हे वेगळं काम आहे, वेगळं डोकं लागतं त्याला.

मागच्या वर्षी आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन एकदम छान झालं, सगळ्यांनी सर्जनचे पाय धरले. नवव्या दिवशी घरी आणली तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. नऊ दिवसात तिला कोणी नीट वळवलंच नव्हतं. वॉर्डात रात्री तीस खाटांना एक सिस्टर, तिला मी काय बोलणार, मी पण त्याच खुर्चीत बसलेय. जखम भरायला साडेतीन महिने लागले आणि ड्रेसिंग वहिनीने केलं, मी इथून व्हिडिओवर सांगायचे. दादा, ऑपरेशन करणारा माणूस आपल्याकडे होता, बेडपॅन उचलणारं आणि बघणारं माणूस नव्हतं.

आणि हे आपल्याला येत नाही असं पण नाही ना. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सनी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, बेचाळीस वर्षं, त्या स्वतः तिथल्याच नर्स होत्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर होऊ दिला नाही, सुप्रीम कोर्टाने निकालात या नर्सचं कौतुक केलं. बेचाळीस वर्षं दर थोड्या वेळाने कोणीतरी उठून वळवलंय, पिढ्या बदलल्या तरी. मला जर्मनीत यापेक्षा मोठं काम दिसलेलं नाही.

आता काकांचं. २०२४ ला महाराष्ट्र सरकारने आमच्या या राज्याशी, बाडेन-व्युर्टेमबर्गशी, कुशल मुलं पाठवायचा करार केला तेव्हापासून नर्सिंग म्हणजे व्हिसा असं झालंय. इथे पगार चांगला आहे, इथे नर्सिंग शिकतानाही पगार मिळतो, नर्सिंग शाळेला फी नसते, त्यामुळे कोणी एजंट शाळेच्या फीच्या नावाखाली लाखो रुपये मागत असेल तर एक पैसा देऊ नका. पण इथेही माणसं कमीच आहेत. रात्रपाळीला पंचेचाळीस जणांमागे मी एकटी असते, दोन बेल एकदम वाजल्या की कोणाकडे आधी जायचं हे ठरवताना पोटात गोळा येतो. दुसऱ्यांच्या आईची टाच मी रोज बघते आणि माझ्या आईची वहिनी बघते, हे मला आठ वर्षांत पचलेलं नाही. नुसत्या युरोसाठी आलेल्या मुली मी दीड वर्षात मोडलेल्या बघितल्यात.

भाचीने मला एकदाच विचारलं, आत्या तुला अजून किळस येते का. येते कधीकधी, मी खरं तेच सांगितलं, हातमोजे घातले की हात आपले आपण चालतात. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता, तिने न सांगता आजीचा पाय मांडीवर घेतला, मोजा काढला, टाचेवर बोट दाबलं आणि मोबाईल इतका जवळ आणला की मला नुसती टाचच दिसत होती. पांढरी पडली गं आत्या, म्हणाली. मागे दादा पेपर वाचत बसला होता, तो उठला आणि चष्मा लावून बघायला आला.