पंपाबरोबर त्याचे साहित्यही द्या

टाईप १ मधुमेह असलेल्या मुलांना सरकारी रुग्णालयांतून मोफत इन्सुलिन पंप (नळीवाटे शरीरात सतत इन्सुलिन सोडणारे छोटे यंत्र) मिळावेत, अशी मागणी एका लेखात वाचली; ती रास्तच आहे. मात्र लेखात सारा भर यंत्राच्या किमतीवर दिल्याने खरा खर्च नजरेआड होतो. कॅन्युला (त्वचेखाली बसवायची बारीक नळी) आणि तिला पंपाशी जोडणारी नळी यांचा संच साधारणतः दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो, आणि तो परवडला नाही तर लाखोंचा पंप कपाटात पडून राहणार. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये साखर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेल्या पंपांची शिफारस केली, तीही पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने राबवायची म्हणून, कारण प्रशिक्षित कर्मचारी एका रात्रीत तयार होत नाहीत.

पंपात केवळ झटपट काम करणारे आणि लवकर ओसरणारे इन्सुलिन असते. त्यामुळे नळी दुमडली तर काही तासांतच किटोॲसिडोसिसचा, म्हणजे इन्सुलिनअभावी किटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा, जीवघेणा धोका उद्भवतो. माझी पुतणी दापोलीत पंप वापरते. पावसाळ्यातील दमट हवेत, घामाने तिच्या पोटावरील चिकटपट्टीची कड सुटू लागते, म्हणून दप्तरात इन्सुलिन पेन (टोचून इन्सुलिन घेण्याचे साधन) आणि किटोन तपासण्याच्या पट्ट्या कायम असतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथल्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, इन्सुलिनचा साठा थंड ठेवायला लागणारे फ्रीज बंद होते. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी धावणे शक्य नसते. तेव्हा योजना आखताना उपजिल्हा रुग्णालयात पंप जाणणारी एक परिचारिका, सुट्या साहित्याचा साठा आणि प्रत्येक मुलासाठी पर्यायी पेन यांची तरतूद आधी व्हावी.