नाव निवडता येतं, वडिलांचं नाही

लेखात म्हटलंय की ज्यू धर्म स्वीकारणाऱ्या बाईला रूथ आणि पुरुषाला अब्राहम हेच नाव घ्यावं लागतं. असं अजिबात नाही. रूथ लोकप्रिय आहे, कारण बायबलमधली ती मोआबी, म्हणजे जन्माने ज्यू नसलेली, सून धर्मांतरितांचा आदर्श मानली जाते. पण सक्ती कसलीच नाही. माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी न्यू जर्सीत धर्मांतर केलं तेव्हा रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तिला नाव सुचवलंसुद्धा नाही, 'वाचा आणि ठरवा' एवढंच म्हणाले. तिने नोआ घेतलं. बापाच्या जमिनीत वाटा द्या म्हणून बायबलमधल्या मोशेसमोर, ज्यूंच्या नेत्यासमोर, उभ्या राहिलेल्या पाच बहिणींपैकी एक. (वकील बाई, दुसरं काय निवडणार!)

ठरलेलं असतं ते पुढचं, आणि लेखात नेमकं तेच राहिलंय. केतुबावर, म्हणजे लग्नाच्या करारावर, ती 'नोआ बात अवराहाम अविनू', आपला पिता अब्राहम याची मुलगी. काही उदारमतवादी सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळांत) सोबत अब्राहमची बायको साराचंही नाव लावतात. हे कळल्यावर मावशी दोन दिवस धुमसत होती, "म्हणजे हिच्या बाबांचं नाव पुसलं?" आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे ते मनाला लागणारच. पण हे नाव प्रार्थनेत, धार्मिक कागदावर आणि पुढे थडग्यावर. पासपोर्टवर आमचे काका आहेत तिथेच आहेत. शिवाय धर्मांतरानंतरही जन्मदात्यांचा अपमान करायचा नाही, असं १२व्या शतकातल्या मैमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने स्पष्ट लिहून ठेवलंय. हे मावशीला रब्बींनीच फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे ती लग्नाच्या साड्या बघायला निघाली.